झोपेची कजा

शाळेतलं सगळ्यांत कटकटीचं काम म्हणजे वेळापत्रक. जून उजाडला की मुख्याध्यापक आम्हाला ऑफिसात बोलावतात आणि एक मोठा कागद पुढ्यात टाकतात. तेरा शिक्षक, नऊ तुकड्या. एक शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत दिसता कामा नये. कुणाला सलग चार तास येऊ नयेत. मराठीच्या मॅडम एसटीनं लांबून येतात, त्यांना पहिला तास नको. खोडरबर झिजून जातं, पण शेवटी वेळापत्रक बसतं. बी.एड.ला शिकलेल्या पुष्कळ गोष्टी आम्ही विसरलो, ही कला मात्र हाताला लागून राहिली. याच कलेनं आम्हाला एकदा गुन्हेगार केलं. कोर्टातला नव्हे, पण गुन्हेगारच. ती हकिकत आजवर कुणाला नीट सांगितली नव्हती.

आम्ही मिरजेचे. मिरज म्हटलं की लोकांना सतारी आठवतात, दवाखाने आठवतात, रेल्वेचं जंक्शन आठवतं. आमच्या मोहल्ल्याची ओळख मात्र ट्रक. घरटी एक ड्रायव्हर नाहीतर क्लीनर, नाहीतर टायरवाला. आमच्या अब्बांनी तीस वर्षं स्टिअरिंग धरलं. सांगलीची हळद, गूळ, बेदाणा घेऊन त्यांनी निम्मा हिंदुस्थान पालथा घातला. आमच्या बी.एड.ची फी त्याच स्टिअरिंगमधून निघाली. लहानपणी अब्बा घरी आले की अम्मी आम्हाला अंगणात हाकलायची. "तेरे अब्बा सोयेले हैं, आवाज नक्को." अब्बांचा चेहरा आम्हाला जागेपणी कमी, झोपेत जास्त आठवतो.

2018 सालची गोष्ट. आम्ही उर्दू माध्यमाच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. तुकडी विनाअनुदानित, पगार हाती पडेल तेव्हा खरा. एका रविवारी मोहल्ल्यातले एक ट्रान्सपोर्टवाले शेठ घरी आले. त्यांच्या सात गाड्या. एका मोठ्या कंपनीचा माल भिवंडीच्या गोडाऊनला पोचवण्याचं काम त्यांना नव्यानं मिळालं होतं. करारात एक अट होती: प्रत्येक ड्रायव्हरच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांची नोंदवही ठेवायची आणि दर महिन्याला तिची प्रत कंपनीला पाठवायची.

"मास्तर, तुम्ही शाळेचं टाइमटेबल करता, तसंच आमच्या गाड्यांचं करून द्या," शेठ म्हणाले. "महिन्याला दोन हजार देतो."

दोन हजार म्हणजे आमच्या घरचा किराणा. आम्ही हो म्हणालो.

काम घेतलं ते मात्र मन लावून. कोर्टाजवळच्या दुकानातून मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 याची प्रत आणली. वाचताना नवल वाटलं. अब्बांनी आयुष्य काढलं त्या धंद्यासाठी असा कायदा आहे, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याच्या मार्गासाठी ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याची परवानगी घेतली तर दहा तास आणि चौपन्न तास, त्यापुढे नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर निदान अर्धा तास विश्रांती. मधल्या सुट्ट्या धरूनही कामाचा पसारा दिवसात बारा तासांपलीकडे जायचा नाही. आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. आठवड्याला एक सुट्टी. जास्तीच्या कामाला दुप्पट मजुरी.

आम्ही अब्बांना वाचून दाखवलं. ते खाटेवर पडून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ये कौन से मुलुक का कानून है?"

"अपनेच मुलुक का, अब्बा. तुम्ही स्टिअरिंग धरायच्या आधीपासूनचा."

अब्बा हसले आणि कूस बदलून झोपले.

कायद्यात एक गोम होती. तो पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू. शेठच्या सात गाड्या तीन नावांवर होत्या. दोन त्यांच्या, तीन भावाच्या, दोन बायकोच्या. सरकारच्या लेखी तिथे धंदा एक नव्हताच, तीन छोटे धंदे होते. पण कंपनीनं वहीच मागितली, म्हणून कायदा मागच्या दारानं शेठच्या ऑफिसात आला.

आम्ही खोडरबर-पेन्सिल घेऊन बसलो. मिरज ते भिवंडी साधारण तीनशे ऐंशी किलोमीटर. पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकीचा घाट, पुणे, खंडाळा, पनवेल, शीळ फाटा, भिवंडी. भरलेल्या गाडीला घाट आणि गर्दी धरून ताशी चाळीसची सरासरी. म्हणजे नुसतं चालवणंच साडेनऊ तास. एका ड्रायव्हरला आठ तासांत हे बसत नाही. आम्ही दोन ड्रायव्हरांचं वेळापत्रक केलं. पहिल्यानं साताऱ्याच्या पुढे गाडी द्यायची, दुसऱ्यानं घ्यायची. छान बसलं होतं. शेठनं एकदा बघितलं आणि कागद परत दिला.

"मास्तर, दोन ड्रायव्हरांचा पगार कोण देणार? तुम्ही?"

नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत अशी अट पूर्वी होती. ती त्याच वर्षी केंद्र सरकारनं काढून टाकली होती. शेठना ते पाठ होतं. कंपनीला माल सकाळी सहाला गेटवर हवा होता. गाडी संध्याकाळी सातला मिरजेतून निघणार, पहाटे पाचच्या सुमारास भिवंडीला लागणार, माल उतरला की संध्याकाळी परत निघणार. दोन रात्री, एक माणूस.

"मग विश्रांती कुठे लिहू?" आम्ही विचारलं.

"गेटवर. पहाटे पाच ते दुपारी दोन. नऊ तास झाले की नाही? गाडी तिथे उभीच असते. ड्रायव्हर केबिनमध्ये पाय पसरून झोपतो."

हिशोब बरोबर होता. पाच ते दोन, नऊ तास. चालवण्याचे तास जुळत नव्हते, तिथे आम्ही पेन्सिल थोडी सैल धरली. निघण्याची वेळ अलीकडे-पलीकडे केली, मध्ये दोन अर्ध्या तासांच्या सुट्ट्या घातल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही शेठच्या ऑफिसात बसून पूर्ण महिन्याची वही भरून टाकायचो. शाळेचं वेळापत्रक वर्षाचं एकदम होतं, तसं हे महिन्याचं. ड्रायव्हर आले की सह्या करून जायचे. कुणी वाचलं नाही, कुणी विचारलं नाही. अक्षर आमचं सुरेख आहे. कंपनीनं वहीबद्दल शेठची तारीफ केली, असं शेठच सांगायचे.

त्या गाड्यांपैकी एक आमच्या गल्लीतले चाचा चालवायचे. त्यांचा मुलगा आमच्याच वर्गात, सातवीत. त्या वर्षी रफ्तार, फासला आणि वक्त हा धडा शिकवताना आम्ही मुलांना घरच्या ओळखीचं गणित घातलं. एक ट्रक ताशी चाळीस किलोमीटर वेगानं तीनशे ऐंशी किलोमीटर जातो. माल पोचवायला किती वेळ लागेल? वर्गानं साडेनऊ तास लिहिलं. चाचांच्या मुलानं लिहिलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळ. आम्ही लाल पेनानं काट मारली.

तो वही घेऊन टेबलाशी आला. "सर, लेकिन गाडी गेट पे लाइन में खडी रहती ना. अब्बा बोलते, लाइन सरकी तो गाडी सरकानी पडती. सो गये तो पीछेवाला हॉर्न मारता."

आम्ही म्हणालो, "बेटा, गणितात लाइन नसते." वर्ग हसला. तोही हसला आणि जागेवर जाऊन बसला.

आज लिहिताना हात जड होतो. आमच्या वहीतली पाच ते दोनची विश्रांती खोटी आहे, हे तेरा वर्षांच्या पोरानं आम्हाला आमच्याच टेबलाशी येऊन सांगितलं होतं. आम्ही त्याला शून्य मार्क दिले.

फेब्रुवारी 2019. ऊसाचा हंगाम. चाचा भिवंडीहून रिकामी गाडी घेऊन परतत होते. त्या दिवशी गेटवर रांग मोठी होती, माल उतरायला संध्याकाळचे सहा वाजले. सातला निघाले. पहाटे साडेतीनच्या सुमारास, सातारा ओलांडल्यावर कराडच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला ऊसाची ट्रॉली उभी होती. मागे ना दिवा, ना चमकती पट्टी. चाचांची गाडी थेट तिच्यावर गेली. ब्रेकची खूण रस्त्यावर नव्हती. माणूस जागा असता तर शेवटच्या क्षणी तरी पाय पडला असता, असं पोलीस म्हणाले. ट्रॉलीजवळ कुणी नव्हतं, एवढी खुदाची मेहरबानी. चाचांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा चाची व्हरांड्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, शेठ बोलते हैं, हमने तो पूरा आराम दिया था, वही में लिखा है. गलती ड्रायवर की है." शेठनं पोलिसांना वही दाखवली होती. विम्याच्या माणसालाही. त्या तारखेसमोर आमच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं: पहाटे 5 ते दुपारी 2, विश्रांती, 9 तास. खाली चाचांची सही.

चाचा शुद्धीवर होते. त्यांनी आमच्यावर राग काढला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमने लिखा वो तुम्हारा काम था. मैंने सही किया, मेरी भी गलती." मग छताकडे बघत बोलत राहिले. गेटवर एक्कावन्नावा नंबर होता. दर पंधरा-वीस मिनिटांनी रांग एक गाडी पुढे सरकायची. क्लीनर शेठनं कधीच बंद केला होता. झोपायचं कसं? आदल्या रात्री चालवलं, दिवसभर गाडी सरकवली, पुन्हा रात्री चालवायला बसलो. पुणे कधी गेलं तेच आठवत नाही.

घरी येऊन आम्ही कायद्याची प्रत पुन्हा काढली. पहिल्या वेळी वाचताना नजर ज्यावरून घसरली होती, तो कामाच्या तासांच्या व्याख्येतला भाग शोधला. गाडी धावते तो वेळ कामाचा. गाडीशी संबंधित इतर काम केलं तर तो वेळ कामाचा. आणि नाक्यावर नुसतं हजर राहून वाट पाहण्याचा काळ? तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच कामात धरायचा. त्याहून लांब वाट पाहणं कामाच्या हिशोबात येत नाही. पण काम नाही म्हणजे विश्रांती, असं कायदा कुठेही म्हणत नव्हता. ते आम्ही म्हटलं होतं. शिवाय चाचा नुसती वाट बघत नव्हते. इंजिन सुरू करून गाडी पुढे घेणं हे कामच होतं.

अब्बांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांच्या काळचं सांगू लागले. जकात नाके, चेकपोस्ट, तिथे दोन-दोन दिवस रांगा. लोक त्या रांगांना शिव्या घालायचे. पण अब्बांची झोप तिथेच व्हायची, कारण गाडी सरकवायला क्लीनर होता. कायद्यानं त्याला स्टिअरिंग धरायची परवानगी नव्हती, तरी तो सरकवायचा. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि नाके गेले. गाड्या लवकर पोचू लागल्या. वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या खाटेवर यायला हवा होता, तो पुढच्या फेरीला गेला. डोळ्यांवर झापड आली की अब्बा हिरवी मिरची चावायचे, डोळ्यांना पाणी मारायचे, खिडकीबाहेर तोंड काढायचे. "मिरची से आँख खुलती, नींद नई जाती," ते म्हणाले.

मग म्हणाले, "देख, मुसाफिर को अल्लाह ने कितनी सहूलत दी. चार रकात की दो. रोजा छूटा तो बाद में कजा रख लो. लेकिन नींद की कजा नई होती रे. नींद छोडी तो कजाच आती."

कजाचे दोन्ही अर्थ त्यांनी एका दमात घातले. आम्ही त्या रात्री झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी शेठच्या ऑफिसात गेलो. वही टेबलावर होती. चाळली आणि घाम फुटला. पहिल्या रविवारी पूर्ण महिना भरलेला. अपघातानंतरच्या तारखांतही चाचा गाडी चालवत होते. पाय कापला त्या दिवशी ते भिवंडीच्या गेटवर नऊ तास झोपले होते. 28 तारखेपर्यंत ते एकही दिवस न चुकता कायद्यानं ठरवलेली विश्रांती घेत होते. फक्त पुढच्या सह्या तेवढ्या नव्हत्या.

आम्ही शेठना म्हणालो, "ही वही मी अपघाताच्या आधीच भरली होती. हे मी लिहून देणार आहे."

शेठ चढ्या आवाजात बोलले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तुमच्या संस्थेत आमचा शब्द चालतो, हे ध्यानात असू द्या. आणि वहीत अक्षर तुमचं आहे, माझं नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "त्या पोराला उद्या वर्गात तोंड दाखवायचंय ना?" आम्ही चाचांच्या वकिलाकडे जाऊन लेखी जबाब दिला. वही कधी भरली, कुणाच्या सांगण्यावरून भरली, किती पैसे घेतले, सगळं. वकिलानं शेठच्या वहीची मागणी केली तेव्हा पुढच्या तारखांची पानंच बोलली. चाचांच्या भरपाईचा दावा पुढे तडजोडीत मिटला. पाय काही आला नाही, पण चाचींनी त्या पैशातून शिलाईची दोन मशीनं घेतली आणि घर चाललं. आमची कायम होण्याची फाईल संस्थेत दोन वर्षं हलली नाही. मोहल्ल्यात काही लोक म्हणाले, मास्तरानं आपल्याच माणसाला अडकवलं. आपला माणूस कोण, शेठ की चाचा, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

शेठला एकट्याला सैतान ठरवून आम्ही सुटू शकत नाही. त्यांच्याही गाड्यांवर कर्जाचे हप्ते होते. कंपनीला सहाला गाडी गेटवर हवी होती, पण गेट उघडून माल उतरवून घ्यायची घाई कंपनीला नव्हती. ती बारा तासांची रांग कुणाच्याच वहीत नव्हती. युरोपात असा नियम आहे की साडेचार तास चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घ्यायची, आणि तिथे नोंद गाडीत बसवलेलं यंत्र करतं. मिरजेचा एखादा गणिताचा मास्तर रविवारी बसून करत नाही. पण यंत्रालाही चाकं फिरतात की थांबलीत एवढंच आपोआप कळतं. बाकीचं माणसालाच बटण दाबून सांगावं लागतं.

दरम्यान बरंच घडलं. 2021 साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी वैमानिकांसारखे ट्रकड्रायव्हरांचेही तास ठरवायला हवेत, असं बोलून दाखवलं. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. 1961 चा तो कायदा आता उरला नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 हिनं घेतली. दिवसाला आठ तासांची मर्यादा तिच्यातही आहे. ती पंधरा मिनिटांची मेखही आहे. थंड केबिनमध्ये रांगेत उभं राहणं थोडं सुसह्य होईल. रांग सरकली की उठावं मात्र लागेलच.

चाचांचा तो मुलगा आता वीस वर्षांचा आहे. पुण्याजवळ एका माल वाहतुकीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. कुठली गाडी कधी सोडायची, कुठल्या ड्रायव्हरला कधी पाठवायचं, हे तो ठरवतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला.

"सर, एक पूछना था. इधर स्क्रीन पे दोच रंग हैं. गाडी चालू तो हरा, बंद तो पीला. एक गाडी गोडाऊन पे दस घंटे से पीली है. सिस्टम बोलता, आराम हो गया, रात को वापस भेजो. क्या करूँ?"

आम्हाला लाल पेनाची ती काट आठवली. म्हणालो, "बेटा, ड्रायव्हरला फोन लाव. विचार, चाचा, सोये क्या?"

पाच मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. "सर, पूछा. बोले, कायका सोना बेटा, अब्बीच लाइन सरकी."

"मग?"

"मग काय सर, गाडी सकाळी सोडतो. साहेबांना काय सांगायचं ते बघतो."

फोन ठेवला तेव्हा अब्बा आतल्या खोलीत झोपले होते. आम्ही आवाज न करता दार लोटलं.